लोंढा आणि लेकरू

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीत गाड्या लागेपर्यंत जरा वेळ मिळतो. पलीकडे धोपावं दिसत असतं, खाली वाशिष्ठीचं पाणी हलत असतं, आणि बोट सुटेपर्यंत बोलायला माणसं असतात. अशाच एका खेपेला ओळखीच्या निवृत्त गुरुजींनी विचारलं, "अहो, या अमेरिकेतल्या लोकांचं म्हणणं तरी नक्की काय? २०१८ साली ट्रम्पच्या सरकारने हद्दीवर पोरांना आईबापांपासून तोडलं, तेव्हा सगळा देश हळहळला. आणि सहा वर्षांनी त्याच लोकांनी त्याच माणसाला पुन्हा निवडून दिलं. मग ती हळहळ खोटी होती की काय?"

गुरुजींची मुलगी न्यू जर्सीत असते. नातू तीन वर्षांचा असताना तिकडे गेला, आता नववीत आहे. त्यामुळे हा प्रश्न त्यांनी नुसता वेळ घालवायला विचारलेला नव्हता.

हळहळ खोटी नव्हती आणि मतदानही चुकून झालेलं नव्हतं. दोन्ही एकाच माणसाच्या मनात कशी राहतात, ते या प्रकरणात पाहू. पण आधी 'लोकांचं मत' म्हणून जो आकडा पेपरात छापून येतो, तो कुठून येतो ते समजून घ्यायला हवं.

१. शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही ते पाहायला कुणी सगळं पातेलं खात नाही. दोन शितं बोटांनी चेपून पाहिली की पुरतं. जनमत चाचणी म्हणजे हीच शितं. अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटींच्या वर आहे, आणि तिथल्या बहुतेक देशव्यापी चाचण्यांत जेमतेम हजारभर माणसांना प्रश्न विचारले जातात.

एवढ्या थोड्या माणसांवर विश्वास कसा ठेवायचा? अट एकच आहे, पातेलं नीट ढवळलेलं हवं. वरची वाफ लागलेली शितं काढली आणि तळाचा कच्चा भात तसाच राहिला, तर परीक्षा फसते. १९३६ साली अमेरिकेत ती अशीच फसली. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने भाकीत केलं की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. चूक पत्त्यांत होती. ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते. मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार ज्याच्याकडे होती, तो खाऊनपिऊन सुखी. पातेल्याचा तळ कुणी ढवळलाच नव्हता. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारलं, पण निरनिराळ्या थरांतल्या माणसांना विचारलं, आणि विजेता बरोबर सांगितला.

ढवळून घेतलेल्या हजार शितांतही थोडी चूक राहतेच. ती साधारण तीन-चार टक्के धरतात. म्हणजे चाचणीत ५५ टक्के आले, तर खरा आकडा ५१ ते ५९ यांमध्ये कुठेतरी आहे असं समजावं. ५५चे ५४ झाले म्हणून 'जनमत फिरलं' अशी बातमी कुणी दिली, तर ती बातमी वाचून सोडून द्यावी.

२. जसं जाळं, तशी मासळी

शितं नीट निवडली तरी दुसरी एक अडचण उरते, ती प्रश्नाची. दाभोळच्या कोणत्याही तांडेलाला विचारा, तो सांगेल की जाळ्याचा आस केवढा आहे त्यावर काय हाती लागणार ते ठरतं. बारीक आसात कोलीम अडकतो. मोठ्या आसातून तो निसटतो आणि सुरमई राहते. समुद्र तोच, मासळी वेगळी.

गॅलप यांच्या नावाची संस्था गेली कित्येक वर्षं बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दल अमेरिकनांना प्रश्न विचारत आली आहे. २०२४च्या जूनमधल्या चाचणीतली तीन उत्तरं पाहा.

पहिला प्रश्न संख्येचा होता. बाहेरून येणाऱ्यांचं प्रमाण वाढवावं, आहे तसं ठेवावं की कमी करावं? ५५ टक्के म्हणाले, कमी करा.

दुसरा चांगल्या-वाइटाचा होता. बाहेरून लोक येणं ही देशासाठी एकंदरीत चांगली गोष्ट आहे की वाईट? ६४ टक्के म्हणाले, चांगली.

तिसरा मुलांचा होता. लहानपणी आईबापांनी कागदपत्रांशिवाय आणलेल्या आणि तिथेच वाढलेल्या मुलांना नागरिक होण्याची संधी द्यावी का? ८१ टक्के म्हणाले, द्यावी.

पहिला आकडा तेवढा छापला तर 'अमेरिकेला बाहेरचे नकोत' असा मथळा होतो. तिसरा छापला तर 'अमेरिकेचं मन मोठं' असा. दोन्ही मथळे एकाच चाचणीतून निघतात, आणि दोन्हींत आकडा खराच असतो.

३. शंभर उतारूंचं गणित

इथे कुणी म्हणेल, की ५५ टक्के ही एक माणसं असतील आणि ८१ टक्के ही वेगळी. कडक लोक एकीकडे, दयाळू दुसरीकडे. पण हे गणितात बसत नाही. करून पाहू.

फेरीबोटीत १०० उतारू आहेत असं समजा. त्यांपैकी ५५ जण लाल टोपी घालतात, म्हणजे 'संख्या कमी करा' म्हणणारे. ८१ जणांच्या हातात पांढरं फूल आहे, म्हणजे 'मुलांना राहू द्या' म्हणणारे. आता असा प्रयत्न करा की टोपी आणि फूल एकाच माणसाकडे शक्यतो येऊच नये. टोपी नसलेले उतारू ४५. त्या सगळ्यांना आधी फुलं देऊन टाका. ८१ पैकी ४५ फुलं संपली, ३६ उरली. ती कुणाला द्यायची? टोपीवाल्यांनाच, कारण दुसरं कुणी शिल्लकच नाही.

म्हणजे कशीही वाटणी केली तरी बोटीत कमीत कमी ३६ जण असे निघतात, ज्यांच्या डोक्यावर लाल टोपी आहे आणि हातात पांढरं फूलही आहे. शितांच्या तीन-चार टक्क्यांच्या चुकीसाठी जागा सोडली, तरी दर तीन-चार माणसांत एक जण असा असणार. आणि हा किमान आकडा आहे, प्रत्यक्षात तो याहून मोठाही असू शकतो.

गुरुजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. हळहळणारे आणि कडक धोरण मागणारे असे दोन वेगळे देश अमेरिकेत नाहीत. मोठ्या संख्येने ती एकच माणसं आहेत.

४. लोंढा आणि लेकरू

आता ही दोन मतं एका डोक्यात नांदतात कशी, ते पाहू.

आपली भाषाच त्याचा माग देते. बाहेरून येणारी माणसं पुष्कळ झाली की मराठी पेपर 'लोंढे' हा शब्द वापरतात. इंग्रजी पेपरही लाट आणि पूर यांचेच शब्द वापरतात. पाण्याला तोंड नसतं, नाव नसतं, वय नसतं. पाणी आलं की माणूस बांध घालायचं बघतो. पण त्याच पाण्यातून एक लेकरू काठाला लागलं, तर बांध घालणारा माणूसच आधी त्याला उचलून घेतो.

याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी तो २००७ साली छापला. भाग घेणाऱ्यांना पाच डॉलर दिले, आणि त्यांतून हवे तेवढे मदतीला देता येतील असं सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या भुकेचे लाखांचे आकडे वाचायला दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १ डॉलर १४ सेंट दिले, रोकियाबद्दल ऐकणाऱ्यांनी २ डॉलर ३८ सेंट. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही दिले, तर रक्कम १ डॉलर ४३ सेंटवर उतरली. आकडे आले आणि मुलगी पुसट झाली.

यातून भीती खोटी आणि दया तेवढी खरी, असा अर्थ काढू नये. पंधराव्या शतकात रशियाहून आलेला अफनासी निकीतिन हा व्यापारी याच दाभोळहून परतीला निघाला. हिंदुस्थानापासून हबशांच्या देशापर्यंतच्या किनाऱ्यांवरचे लोक इथे जमतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच दाभोळवर १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाचं आरमार आलं, आणि त्याने शहर जाळून लोकांची कत्तल केली. बाहेरून आलेला प्रत्येक जण पाहुणाच असतो, असं या गावाचा इतिहास म्हणत नाही. रोजगार, घरं, शाळा, दवाखाने यांवर भार पडेल ही काळजीही निराधार नसते. फक्त ही काळजी मोजमापाची आहे. किती, केव्हा, कुठे, कोण, असे प्रश्न तिला विचारता येतात. 'लोंढा' म्हटलं की ते कुणी विचारत नाही.

आणि लोंढ्यात कुणाला घालायचं, हेही बदलत असतं. रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसं पुरवत आला. २०११च्या जनगणनेत इथे दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. घरटी एखादा चाकरमानी असणारच. पण २०२०च्या मे महिन्यात तोच चाकरमानी करोनाच्या भीतीने मुंबईहून गावाकडे निघाला, तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. गणपतीला यायचं तर किती दिवस वेगळं राहायचं, चौदा की दहा, यावर वाद झाले. सख्खा चुलतभाऊ दोन महिन्यांत 'मुंबईवाल्यांचा लोंढा' झाला. त्याच घरातली आजी मात्र ओटीवर बसून विचारत होती, "पोर कधी येतंय?"

५. सुकाणू उलटं फिरतं

लोकांची मतं बदलतात ती बहुधा सरकार ज्या दिशेने जातंय तिच्या उलट. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओढ बोट समुद्राकडे खेचतो, तेव्हा तांडेल सुकाणू आत वळवतो. भरती आत लोटू लागली की तोच बाहेर वळवतो. तांडेलाचं मत बदललेलं नसतं, त्याला जेटी गाठायची असते. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ क्रिस्टोफर व्लेझिएन यांनी १९९५ साली जनमताच्या या स्वभावाला थर्मोस्टॅटची उपमा दिली. खोली तापली की तो हीटर बंद करतो, गार पडली की चालू करतो.

गॅलपच्याच पहिल्या प्रश्नाचे आकडे घ्या. २०२० साली ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरीस 'संख्या कमी करा' म्हणणारे २८ टक्केच होते, आणि 'वाढवा' म्हणणारे ३४. या संस्थेच्या चाचण्यांत 'वाढवा'चं पारडं 'कमी करा'पेक्षा जड झालं, ते तेव्हा पहिल्यांदा. मग बायडेन यांच्या काळात दक्षिण हद्दीवर येणाऱ्यांची संख्या उच्चांकाला गेली, आणि २०२४ साली 'कमी करा' म्हणणारे ५५ टक्के झाले. पुढच्याच वर्षी धरपकड आणि हद्दपारी जोरात सुरू झाली, तर २०२५च्या जूनमध्ये तोच आकडा ३० टक्क्यांवर आला. बाहेरून लोक येणं चांगलं म्हणणारे ६४वरून ७९ टक्के झाले.

पाच वर्षांत २८, ५५ आणि ३०. माणसं तीच, शेजारी तेच. ओढ बदलला तसं सुकाणू फिरलं. म्हणून गुरुजींनी सांगितलेल्या दोन घटनांमधली सहा वर्षं विसरून चालत नाही. २०१८ची हळहळ आणि २०२४चं मतदान वेगवेगळ्या ओढातली आहेत. त्यातून मतदान एकाच प्रश्नावर होत नाही. महागाई, नोकऱ्या, पक्षाची जुनी बांधिलकी, सगळ्याचा मिळून एकच शिक्का मारायचा असतो.

६. काच रंगीत असली तर

तरीही लेकरू समोर दिसलं की सगळे सारखेच विरघळतात, असं मानणं भाबडेपणाचं होईल.

२०१४ साली होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर आणि मेक्सिको या देशांतून आईबापांशिवाय आलेली मुलं अमेरिकेच्या दक्षिण हद्दीवर मोठ्या संख्येने पोचली. त्या आर्थिक वर्षात अशा ६८ हजारांहून जास्त मुलांची नोंद झाली. २००८च्या एका कायद्यानुसार शेजारच्या देशातलं नसलेलं असं मूल लगेच परत पाठवता येत नाही. त्याला आरोग्य आणि मानवसेवा खात्याच्या ताब्यात देऊन त्याची बाजू ऐकावी लागते. त्या वर्षीच्या १ जुलैला कॅलिफोर्नियातल्या मुरिएटा गावात लोकांनी रस्ता अडवला आणि आया व मुलं घेऊन येणाऱ्या बसगाड्या मागे फिरवल्या. बसच्या काचेआड लेकरंच होती. पण ती 'लोंढा' म्हणून आली होती.

२०१८ साली उलट झालं. कागदपत्रांशिवाय हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसावर खटला भरायचा, असं धोरण सरकारने जाहीर केलं. मोठा माणूस कोठडीत गेला की त्याच्याबरोबरचं मूल वेगळं काढलं जाई. रडणाऱ्या मुलांच्या आवाजाची ध्वनिफीत बाहेर आली आणि देश हादरला. क्विनिपिॲक विद्यापीठाच्या जूनमधल्या चाचणीत ६६ टक्के लोक या धोरणाच्या विरोधात होते, २७ टक्के बाजूने. पण आकडा पक्षानुसार फोडला, तर रिपब्लिकन मतदारांत ५५ टक्के बाजूने निघाले. चित्र एकच होतं, ते पाहणाऱ्या काचा वेगवेगळ्या रंगांच्या होत्या. 'आपल्या' सरकारने केलं म्हणजे काही कारण असेल, असं म्हणायला माणूस लवकर तयार होतो. हा काही अमेरिकेचाच गुण नाही. आपल्या चहाच्या टपरीवरही रोज अनुभवायला मिळतो.

तरी ६६ टक्क्यांचा परिणाम झाला. २० जूनला अध्यक्षांनी आदेश काढून ही ताटातूट थांबवली. २६ जूनला संघराज्याच्या न्यायालयाने मुलं आईबापांना परत देण्याची मुदत घालून दिली. पुढे झालेल्या मोजणीत आईबापांपासून तुटलेल्या मुलांची संख्या पाच हजारांच्या वर गेली.

७. दया हरते तेव्हा

मग मुलांच्या बाजूने जनमत नेहमी जिंकतं का? १९३९ सालचं उदाहरण नाही म्हणतं.

नोव्हेंबर १९३८मध्ये नाझी जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली. पुढच्या फेब्रुवारीत सिनेटर वॅग्नर आणि प्रतिनिधी एडिथ रॉजर्स यांनी अमेरिकन संसदेत विधेयक मांडलं. जर्मनीतली चौदा वर्षांपर्यंतची २० हजार मुलं दोन वर्षांत आणावीत, असा तो प्रस्ताव होता. मुलांना सांभाळायला कुटुंबं तयार होती. पण त्याआधी जानेवारीत गॅलपने विचारलं होतं, की जर्मनीतली १० हजार निर्वासित मुलं इथल्या घरांत ठेवायला आणावीत का? ६१ टक्के लोक 'नाही' म्हणाले, ३० टक्के 'हो'. मंदी सरली नव्हती, बेकारी होती, आणि मुलं समुद्रापलीकडे होती. त्यांचा चेहरा नव्हता, नुसता आकडा होता. विधेयक मतदानापर्यंत पोचलंच नाही. ब्रिटनने मात्र युद्ध सुरू होण्याआधी अशी सुमारे १० हजार मुलं नेली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्याकडे काय घडलं, ते पाहा. पोलंडचा पूर्व भाग गिळल्यावर सोव्हिएत सरकारने तिथली लाखो माणसं सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकली होती. १९४१नंतर त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे कित्येक आया आणि मुलं हिंदुस्थानात पोचली. जामनगरजवळच्या बालाचडीत नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांनी पोलिश मुलांसाठी छावणी उभी केली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बाजार होता. बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली, तेव्हा तिथली मुलंही वळिवड्याला आली.

आपली मनं अमेरिकनांपेक्षा मोठी होती असा याचा अर्थ लावायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. आपल्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. वरची सत्ता इंग्रजांची होती, खर्च परागंदा पोलिश सरकारच्या नावे होता. ज्या वर्षी वळिवड्याची वसाहत सुरू झाली, त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली. तेव्हा कुणी चाचणी घेतली असती, तर काय आलं असतं सांगता येत नाही. पण एक गोष्ट नक्की. मुलं आली, राहिली, दिसू लागली, आणि कोल्हापूरकरांना ती आपली वाटली. त्या मुलांच्या आठवणीत कोल्हापूर इतकं राहिलं, की आज वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. १९३९च्या अमेरिकेत आधी मत विचारलं आणि मुलं आलीच नाहीत. वळिवड्यात मुलं आधी आली, आणि मग मत बनलं.

८. मत आणि कायदा

आता गुरुजींच्या नातवाकडे वळू. ८१ टक्के लोक मुलांच्या बाजूने आहेत, तर मुलांचा कायदा झाला असेलच, असं वाटतं. तो झालेला नाही.

लहानपणी कागदपत्रांशिवाय आणलेल्या मुलांसाठी 'ड्रीम ॲक्ट' नावाचं विधेयक २००१ साली पहिल्यांदा आलं. डिसेंबर २०१०मध्ये सिनेटमध्ये ते पुढे न्यायला ६० मतं लागत होती, ५५ मिळाली. शेवटी १५ जून २०१२ रोजी ओबामांनी 'डाका' ही सोय सरकारी आदेशाने केली. तिच्यात हद्दपारी पुढे ढकलली जाते आणि काम करायचा परवाना मिळतो, पण नागरिकत्व नाही. कायदा अडतो याचं कारण असं, की चाचणी मतं मोजते, त्यांचं वजन मोजत नाही. बोटीतले ऐंशी उतारू मान डोलावतात आणि बसून राहतात. दहा जण उठून तांडेलाशी भांडतात. बोट बहुधा त्या दहांच्या म्हणण्याने वळते. आणि ज्यांचा प्रश्न आहे, त्या मुलांना मत नसतंच.

गुरुजींचा नातू तर या मुलांतही येत नाही. तो कायद्याने गेला, एच-१बी व्हिसावरच्या आईच्या आधाराने, एच-४ व्हिसावर. नोकरीच्या मार्गाने दर वर्षी जी ग्रीन कार्डं दिली जातात, त्यांत कुठल्याही एका देशासाठी साधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा असते. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांची झाली आहे. मूल २१ वर्षांचं झालं आणि तोवर नंबर लागला नाही, तर आईचा आधार संपतो. त्याला विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. 'डाका'चा उपयोग त्याला नाही. तो २०१२नंतर गेला, आणि आधी गेला असता तरी तिची अटच अशी, की २०१२च्या त्या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर परवाना नसायला हवा. ज्याचे कागद चोख, तोच सोयीबाहेर. अशा मुलांसाठी २०२१ साली स्वतंत्र विधेयक मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही.

चाचणीतल्या तिसऱ्या प्रश्नाचे शब्द पुन्हा वाचा, 'कागदपत्रांशिवाय आणलेल्या'. नातवाबद्दल अमेरिकन माणसाला काय वाटतं, हे त्या प्रश्नात विचारलेलंच नाही. जाळ्याचा आस मोठा होता, हा मासा निसटला.

९. आपल्या बागेतली मुलं

बोट धोपाव्याला लागली तेव्हा गुरुजी म्हणाले, "म्हणजे आपण सगळे तसेच." मी मान डोलावली.

दिवाळीनंतर कोकणातल्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार दिसू लागतात. मासेमारीच्या हंगामात बोटींवर नेपाळी खलाशी असतात. ३१ जुलै १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. काहींची कुटुंबं बागेतल्या खोपटातच राहतात, मुलं तिथेच वाढतात. 'हल्ली हे नेपाळी फार झाले' असं म्हणणारा बागायतदार त्यातल्याच एखाद्या पोराच्या हातावर पिकलेला आंबा ठेवतो. लाल टोपी आणि पांढरं फूल आपल्याकडेही एकाच माणसाकडे असतं.

म्हणून मुलांची शाळा लोकांच्या मनाच्या भरती-ओहोटीवर सोडता येत नाही. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली टेक्सासमधल्या एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेने घेतलं पाहिजे. आईबापांच्या कृतीचं ओझं मुलावर टाकता येत नाही, असं त्यामागचं सूत्र होतं. आपली राज्यघटना याबाबत अधिक सरळ आहे. देशभर कुठेही राहण्याचा हक्क देणारं कलम १९ 'नागरिकांना' म्हणतं. शिक्षणाचा हक्क देणारं कलम २१-अ मात्र सहा ते चौदा वयाच्या 'सर्व मुलांना' म्हणतं.

यापुढे पेपरात असा एखादा टक्का दिसला, तर तीन गोष्टी विचारा. शितं कुठून काढली? प्रश्नाचे शब्द नेमके काय होते, त्यात लोंढा होता की लेकरू? आणि त्या वेळी ओढ कुठल्या दिशेला होता?

आणि जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा एक काम करा. तुमच्या शेजारच्या बागेत राखणदाराचं सहा वर्षांचं पोर असेल, तर त्याच्या बापाला सांगा, की जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४मध्ये तसं लिहिलेलं आहे.